आधी केबल आणा!

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात मराठी माणसाचं आडनाव काहीही असो, पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो पाटील होतो. त्याला कॉम्प्युटर नुसता चालू-बंद करता येत असला, तर तो पाटील एन्जिनियर होतो. मी या पदावर असाच चढलो. शिक्षण धुळ्याचं बी.कॉम., नोकरी साड्यांच्या एका पेढीत बिलं काढण्याची, मुक्काम उधन्यात. पण एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी चारचौघांदेखत अखंड बाहेर काढला आणि तेव्हापासून पेढीतली विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू माझ्या नावावर जमा झाली. मार्केटची लिफ्ट गठ्ठ्यांसकट मध्येच अडकली, तरी शेठ आधी माझ्याकडे बघतात.

या माझ्या इस्टेटीत नेटवर्कचा एक डबा आहे. जाणकार त्याला मॅनेज्ड स्विच म्हणतात. काळा, हातभर लांब, चोवीस भोकांचा. शेठच्या कपाटावर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी त्याची जागा. धनत्रयोदशीला त्यालाही कुंकू लागतं. कॅमेरे विकायला आलेल्या एका माणसाने जाता जाता तो शेठच्या गळ्यात मारला होता. "साधा घेतलात तर नुसता चालेल शेठ, हा घेतलात तर मॅनेज करता येईल," असं तो म्हणाला. कोण मॅनेज करणार, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. पेढीत एक पाटील होताच.

दिवाळीच्या तोंडावर, बाजारात पाय ठेवायला जागा नसते अशा एका दुपारी, बिलं निघायची थांबली. कापडाच्या धंद्यात याचा अर्थ काय, हे बाहेरच्याला सांगून समजायचं नाही. पन्नास हजार रुपयांवरचा माल परराज्यात पाठवायचा, तर ई-वे बिल लागतं. 1 एप्रिल 2018 पासूनचा हा नियम. बिल नाही तर ट्रान्सपोर्टवाला बिल्टी फाडत नाही, बिल्टी नाही तर पार्सल उचललं जात नाही, आणि पार्सल उचललं नाही तर कोलकात्याचा व्यापारी दर दहा मिनिटांनी फोन करून शेठच्या कुटुंबाची खुशाली विचारत राहतो. 2017 च्या जुलैत जीएसटीच्या विरोधात सुरतेचा कापड बाजार कित्येक दिवस बंद होता. तेव्हा त्यासाठी मोर्चे, सभा, संघर्ष समिती असं बरंच काही लागलं होतं. आमची पेढी बंद पाडायला एक डबा पुरला.

कुणी म्हणेल, मोबाईलचं नेट नव्हतं का? होतं. पण बिलांचा सगळा हिशेब खालच्या मजल्यावरच्या सर्व्हरमध्ये, आणि सर्व्हरकडे जायचा रस्ता त्या डब्यातूनच.

मी स्टुलावर चढून डब्याकडे पाहिलं. त्याचे सगळे दिवे एका तालात, वेड्यासारखे लुकलुकत होते. खाली उभे राहून शेठ कौतुकाने बघत होते.

"जुओ पाटील, केवुं झबूके छे! आजे तो फुल स्पीडमां छे."

"शेठ, पण बिल निघत नाही."

"एटलुं बधुं काम करे छे, थाकी गयो हशे. जरा आराम आपो."

आराम दिला. म्हणजे बंद करून चालू केला. हा भारतातला आद्य उपाय. शेजारच्या गाळ्यातले आमचे नंदुरबारचे आप्पा दारातून तोच उपाय सुचवत आत आले, "बंद करीसन चालू कर ना भो!" तो आधीच करून झालाय म्हटल्यावर ते म्हणाले, "मंग परत कर." परत केला. दिवे पुन्हा तस्सेच नाचायला लागले. मग पेढीचा हिशेब लिहिणाऱ्या मेहताजींनी एकेक वायर उपटून बघण्याचा प्रस्ताव मांडला. तो शेठनी जागच्या जागी फेटाळला. वायरींवर नावं नव्हती, आणि मागच्या वेळी उपटलेली एक वायर परत लावताना दुसरीकडे गेली, तेव्हा शेठच्या मोबाईलवर गोडाऊनच्या जागी दिवसभर जिन्याचा कोपरा दिसत होता. शेवटी ज्या कंपनीकडे आमचा देखभालीचा वार्षिक करार आहे, तिथे फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक तरुण आवाज आला.

"सर, नेटवर्कमधून डब्यात शिरता येतंय का?"

"नाही."

"मग कन्सोलमधून शिरा."

"ते कसं?"

"कन्सोल केबल लावा सर. आधी केबल आणा, मग फोन करा." आणि संगीत पुन्हा सुरू झालं.

हे कन्सोल प्रकरण वाचकांना थोडक्यात सांगायला हवं, कारण मला ते त्या दिवशी कुणीच सांगितलं नाही. अशा बहुतेक डब्यांना पुढे किंवा मागे एक सवतं भोक असतं. बाकीच्या भोकांतून जगाची ये-जा चालते; या एका भोकातून फक्त डब्याशी बोलता येतं. नेटवर्क झोपलं, डब्याचा पत्ता हरवला, सेटिंग बिघडलं, तरी हे भोक जागं असतं. आकार मात्र बहुतेक वेळा इतर भोकांसारखाच, म्हणून माणूस पहिल्यांदा नेहमीची वायर त्यात खुपसतो आणि काही होत नाही. कारण या भोकातली बोलणी आरएस-232 नावाच्या पद्धतीने चालतात, आणि ती पद्धत ठरली 1960 साली, टेलिप्रिंटर आणि मोडेमच्या जमान्यात. त्याच साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. तेव्हापासून दोन्ही राज्यांत काय काय बदललं ते आपण बघतोच आहोत. हे भोक आहे तिथेच आहे.

या भोकाची केबल फिकट निळी आणि चपटी असते. एका टोकाला नेटवर्कच्या वायरीसारखा प्लग, दुसऱ्या टोकाला नऊ भोकांचं रुंद तोंड. डब्याबरोबर ती खोक्यात येते आणि ज्या दिवशी खोकं उघडतं त्याच दिवशी नाहीशी होते. आमच्याकडे तिचा शोध सुरू झाला. खोकं सापडलं, त्यात मेहताजींचे जुने चष्मे होते. कपाटाच्या तळाशी एका बंद पडलेल्या फोनचे तीन चार्जर मिळाले. शेठच्या खणात एक निळी वायर निघाली, पण ती कानातल्या मशीनची होती. शेवटी सॅम्पलचे कॅटलॉग ज्या कोपऱ्यात रचलेले असतात तिथे आप्पांचं लक्ष गेलं. एक जाडजूड गठ्ठा निळ्या, चपट्या दोरीने करकचून बांधलेला होता. गाठ निरगाठ होती.

"आ कोणे बांध्युं?" शेठ गरजले.

"में," पार्सल बांधणारा पोरगा अभिमानाने म्हणाला. "बहु मजबूत छे शेठ. सुतळी तो तूटी जाय छे."

केबलच्या या गुणाची नोंद कंपनीने माहितीपत्रकात करायला हरकत नाही.

गाठ सोडवायला जो वेळ गेला तेवढ्यात पेढीत वार्ता पसरली की केबल मिळाली, आता पाच मिनिटांत बिलं निघतील. मी नऊ भोकांचं तोंड हातात धरून लॅपटॉपभोवती फिरवू लागलो. उजवीकडे लागेना, डावीकडे लागेना. नऊ पिनांची खिडकी लॅपटॉपला असायची तो काळ कधीच मागे पडला. लॅपटॉप बारीक होत गेले, त्यांच्या खिडक्या एकेक करून बुजत गेल्या, आणि डब्यांना हे कुणी कळवलं नाही. मधे जोडणारा एक ॲडॉप्टर लागतो, यूएसबी ते सिरियल. तो आणायला मजुरा गेटकडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत माझी रवानगी झाली.

पहिल्या दुकानात मी म्हटलं, "कन्सोलसाठी ॲडॉप्टर पाहिजे."

"गेमवाळुं ने? बाबा माटे?" असं म्हणून त्याने दोन हातांत धरायचं एक खेळणं काउंटरवर ठेवलं.

दुसऱ्या दुकानदाराने मॉनिटरची केबल दिली. मी म्हटलं, याला पिना पंधरा आहेत. तो म्हणाला, "तमारे नव जोईए छे ने? नव तो एमां आवी गया." सुरतेच्या व्यापाऱ्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द काढणं अवघड. तुम्हाला हवी ती वस्तू त्याच्याकडे नसेल, तर त्याच्याकडे असलेली वस्तू तुम्हाला कशी हवी आहे हे तो पटवून देतो. तिसऱ्या दुकानातून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत एक माऊस, धूळ झाडायचा ब्रश आणि मोबाईलची काच होती. ॲडॉप्टर शेवटी एका दुरुस्तीवाल्याकडे मिळाला. त्याने तो ड्रॉवरच्या तळातून काढला, फुंकर मारली आणि विचारलं, "हजी आ चाले छे?"

येताना रिंग रोडच्या गर्दीत अडकलो असताना घरून फोन आला.

"जेवलात का? डबा संपवला की नाही?"

"डबाच बिघडलाय."

"अहो, सकाळीच तर भरून दिला होता!"

पेढीत परतलो तेव्हा माझ्या खुर्चीभोवती गर्दी जमली होती. ॲडॉप्टर लॅपटॉपला लावला. लॅपटॉपने 'टुंग' केलं. पेढीत आनंद झाला. मग पडद्यावर पिवळा त्रिकोण आला. ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर कुठे मिळतो? इंटरनेटवर. इंटरनेट का नाही? डबा बंद म्हणून. डबा कशाने सुरू होईल? ड्रायव्हरने. हे चक्र मी शेठना समजावून सांगितलं, तेव्हा ते क्षणभर अंतर्मुख झाले आणि म्हणाले, "आ तो बँकनी लोन जेवुं छे." मग शेठच्या भाच्याने मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडून दिलं आणि 'ड्रायव्हर डाउनलोड' लिहिलेली, हिरव्या बटणांनी नटलेली अनेक पानं उघडली. प्रत्येक बटणाने ड्रायव्हर सोडून दुसरं काहीतरी उतरवून दिलं. एकाने तर लॅपटॉपचा वेग वाढवायचं वचन देऊन तो पार झोपवला.

शिवाय अस्सल आणि नकली असा एक वेगळाच वाद. या ॲडॉप्टरांच्या पोटात एक चिप असते, आणि तिच्या नकला बाजारात इतक्या की अस्सल चिपलाच आपण कोण असा प्रश्न पडावा. 2014 साली एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीने कमालच केली. तिचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटबरोबर लोकांच्या कॉम्प्युटरांत शिरला आणि नकली चिप भेटली की तिचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकू लागला. काल चालणारी केबल आज मुकी. ती नकली आहे हे बिचाऱ्या घेणाऱ्यालाही ठाऊक नसे. जगभर बोंब झाल्यावर ते अपडेट मागे घ्यावं लागलं. हे मी आमच्या साड्यांच्या दलालाला सांगितलं, तेव्हा तो दचकून म्हणाला, "कापडमां आवुं नथी ने?" बाजारातल्या साड्यांनी आपापली ओळख तपासायची ठरवली, तर रिंग रोडवर काय हाहाकार उडेल, या विचाराने तो बराच वेळ गप्प होता.

अखेर पिवळा त्रिकोण गेला आणि लॅपटॉपने जाहीर केलं की केबल 'कॉम 7' वर आहे. भाच्याने ॲडॉप्टर काढून शेजारच्या भोकात लावून पाहिला, तर ती 'कॉम 8' वर गेली. नवं भोक, नवा नंबर. ॲडॉप्टर पुन्हा पहिल्या जागी आणून मी पुढच्या पायरीकडे वळलो. डब्याशी बोलायला एक खिडकी लागते. विंडोज 95 पासून एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल नावाची अशी खिडकी आयती मिळायची. व्हिस्टा आली तेव्हा तिला नारळ दिला गेला. आता लोक पुटी वापरतात. सायमन टॅथम नावाच्या इंग्रज गृहस्थाने ते 1999 साली लोकांना दिलं आणि अजून फुकटच देतो आहे. इतक्या वर्षांत त्याच्या आवृत्तीचा आकडा एकपर्यंतसुद्धा पोचलेला नाही. अजून शून्य-दशांशातच आहे. ते फुकट आहे हे कळल्यावर शेठना त्या माणसाची काळजी वाटली. "एनुं घर केम चाले छे?"

पुटी उघडलं, 'सिरियल' निवडलं, कॉम 7 लिहिलं, उघडलं. काळा पडदा. वरच्या कोपऱ्यात एक हिरवा चौकोन.

काळ्या पडद्यासमोर माणसं जमली की प्रत्येकाच्या अंगात ज्ञानाचा संचार होतो. मेहताजी म्हणाले, व्हायरस आहे. दलाल म्हणाला, अर्थिंग नाही. चहावाला म्हणाला, काल त्याच्या टीव्हीलाही असंच झालं होतं, थोबाडीत मारल्यावर आला. कोलकात्याचा व्यापारी फोनच्या स्पीकरवर होता, तो म्हणाला, थांबून बघा. सुरतेत माणसं एकत्र जमून मतं देऊ लागली की काय होतं, हे देशाने 1907 च्या डिसेंबरात पाहिलं आहे. काँग्रेसच्या त्या अधिवेशनात जहाल-मवाळांचं इतकं जुंपलं की एक मराठी जोडा भिरभिरत व्यासपीठावर आला, सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागला आणि तिथून फिरोजशहा मेहतांवर आदळला. आमच्या पेढीत पांढरी गादी अंथरलेली असल्यामुळे चपला दाराबाहेर काढायची रीत आहे. म्हणून वाचलो.

तेवढ्यात आप्पा म्हणाले, "एंटर दाबी देख ना भो." या सूचनेमागे शास्त्र काहीच नव्हतं. पण कन्सोलचा डबा पाहुण्याने हाक मारल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे नंतर कळलं. मी एंटर दाबलं. पडद्यावर अक्षरं आली! उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन, टोप्या घातलेले इंग्रजी स्वर, मधेच एक हृदय.

"आ तो चायनीज छे," मेहताजींनी निकाल दिला.

ते चायनीज नव्हतं. वेग चुकला होता. या भोकातून बोलताना दोन्हीकडचा वेग आधीपासून ठरलेला असावा लागतो. तो बॉडमध्ये सांगतात. एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याच्या नावावरून पडलेलं हे माप. त्याने आपल्या तारयंत्राचं पेटंट 1874 साली घेतलं होतं. बहुतेक डबे 9600 च्या वेगाने बोलतात, म्हणजे सेकंदाला 960 अक्षरं. काही नवे डबे त्याच्या बारा पट, 115200 ने बोलतात. आणि डबा आपला वेग सांगत नाही. तो तुम्ही ओळखायचा. आमची आजी अहिराणीत सावकाश गोष्ट सांगत असावी आणि ऐकणारा घाईतला सुरती दर अर्ध्या शब्दाला हुंकार देऊन पुढे पळत असावा, मग त्याने घरी जाऊन जी गोष्ट सांगितली असती, ती आमच्या पडद्यावर उमटली होती. मी वेग बदलत गेलो. चौकोन गेले, टोप्या गेल्या, हृदय गेलं, आणि स्वच्छ इंग्रजीत डब्याने विचारलं: तुमचं नाव?

गर्दीत टाळ्या पडल्या. शेठनी लोचो मागवला. बटर लावलेल्या गरम लोच्याचा पहिला द्रोण माझ्या कीबोर्डवरच टेकवण्यात आला.

नाव 'ॲडमिन' हे भाच्याने हसत हसत सांगितलं. मग डब्याने पासवर्ड विचारला. मी एक अंदाजाने टाइप करू लागलो, तर पडद्यावर काही उमटेना. अक्षर नाही, टिंब नाही, चांदणी नाही. हे डबे पासवर्ड घेताना इतके सावध असतात की त्याची लांबीसुद्धा कुणाला कळू देत नाहीत. हे माहीत नसलेल्या शेठनी लोच्याकडे संशयाने पाहिलं, कीबोर्ड पुसायला लावला, आणि तरी काही उमटेना तेव्हा हिशेबाच्या टेबलावरचा दुसरा कीबोर्ड आणवला. त्यावरूनही काही उमटेना, म्हणून डब्याचा विजय झाल्यासारखे दिवे नाचत राहिले आणि आमचा पराभव झाल्यासारखे आम्ही बसलो.

1664 साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडून बसला होता. 1670 साली महाराज पुन्हा आले. दोन्ही वेळा सुरतेत शिरण्यासाठी त्यांना कुणी पासवर्ड विचारल्याची नोंद नाही. त्यांच्याच मुलखातला मी, हातभर डब्याच्या दाराशी ताटकळत होतो.

डबा ज्याने बसवला तो पोरगा आता कॅनडात. भाच्याने त्याला व्हॉट्सॲपवर गाठलं. तिकडे पहाट होती.

"पासवर्ड? सोपा ठेवला होता मी."

"काय होता?"

"ते आठवत नाही. पण एकदम सोपा होता. तुम्हाला आठवेल म्हणून सोपा ठेवला."

यावर भाच्याने इंटरनेटवरून शेवटचा उपाय शोधून काढला. अशा बऱ्याच डब्यांत पासवर्ड विसरलेल्याची सोय असते. डबा बंद करून चालू करायचा आणि तो जागा होत असतानाच ठरावीक बटण दाबून मागच्या दाराने शिरायचं. सिस्कोच्या राउटरांना पहिल्या मिनिटाच्या आत 'ब्रेक' हे बटण दाबावं लागतं. आमच्या डब्यालाही कुठलं तरी असंच बटण लागत होतं. मी कीबोर्डभर शोधलं. लॅपटॉप बारीक करताना नऊ पिनांबरोबर ते बटणही कुणीतरी काढून टाकलं होतं. ते पुटीच्या मेनूत लपलेलं असतं, हे कळायच्या आतच मेहताजींनी हात वर केला.

"पासवर्ड मारी पासे छे."

पेढी स्तब्ध. मेहताजी उठले, चोपड्यांच्या कपाटाकडे गेले आणि लाल कापडातली एक जुनी वही घेऊन आले. सुरतेचा मेहताजी पेढीत जे काही घडतं ते लिहून ठेवतो. त्याला जमाखर्च सोडून जगात दुसरं काही घडतं हे मान्य नसतं. त्या वहीत, डबा बसला त्या दिवशीच्या परचुरण खर्चात, कॉम्प्युटरवाल्याच्या चहा-नाश्त्याच्या रकमेखाली एक ओळ होती: चावी, आणि पुढे 'सरतसलक 2018'.

"दुपारपासून बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तमे क्यां पूछ्युं? तमे तो केबल शोधता हता."

मेहताजींचं हातवळण वडिलांकडून आलेलं. जुन्या व्यापारी गुजराती लिपीत काना-मात्रा गाळून लिहायची पद्धत होती, आणि त्यापायी काका अजमेरला गेल्याचं पत्र 'काका आज मेले' असं वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट बाजारात अजून सांगतात. 'सरतसलक' म्हणजे 'सुरतसिल्क' हे आम्ही एकमताने ठरवलं. पण ते इंग्रजीत टाइप करायचं, तर कोणतं अक्षर मोठं, कोणतं छोटं? गुजराती लिपीत मराठीसारखाच हा भेदभाव नाही. मेहताजी म्हणाले, "अक्षर ते अक्षर. एमां मोटुं-नानुं शुं?" तत्त्व म्हणून हे थोर आहे, पासवर्ड म्हणून निरुपयोगी. आम्ही एकेक मोठं करून पाहिलं. थोडं चुकलं की डबा काही मिनिटं रुसून बसे. त्या मोकळ्या मिनिटांत शेठनी घरच्या लग्नाचा मुहूर्त फोनवर पक्का केला. शेवटी सुरतचा एस मोठा, सिल्कचाही एस मोठा केल्यावर डब्याने दार उघडलं.

आत शिरल्यावर काळ्या पडद्यावर एकच तक्रार धो-धो वाहत होती. एकच पत्ता आत्ता पोर्ट 7 वर दिसतोय, आत्ता पोर्ट 19 वर, परत 7 वर, परत 19 वर. भाच्याने वाचून अर्थ लावला: एकाच वायरीची दोन्ही टोकं याच डब्यात आहेत. डब्यातून निघालेला निरोप वळसा घालून डब्यातच परत येत होता, डबा तो पुन्हा सगळ्यांना वाटत होता, तो पुन्हा परत येत होता. म्हणून सगळे दिवे नाचत होते. ज्याला शेठ फुल स्पीड म्हणत होते, तो डब्याचा झटका होता.

असा वळसा ओळखून तोडणारी युक्ती राडिया पर्लमन या विदुषीने 1985 सालीच शोधून ठेवली आहे, आणि चांगल्या डब्यांत ती असते. आमच्याही डब्यात होती. बसवणाऱ्या पोराने ती बंद केली होती. कारण ती जुन्या पद्धतीने चालू असली, की वायर लावल्यावर पोर्ट सुरू व्हायला तीस सेकंद लागतात, आणि त्या दिवशी शेठ मागे उभे राहून विचारत होते, "केटली वार?"

मी स्टुलावर चढून पोर्ट 19 मधली वायर उपटली. दिवे शांत झाले. खालच्या मजल्यावरून आवाज आला, "नीकळ्युं! बिल नीकळ्युं!" टेम्पोवाल्यांनी हॉर्न वाजवले. मग प्रश्न उरला की ते टोक तिथे खुपसलं कुणी. पार्सलवाला पोरगा म्हणाला, मी नाही. चहावाला म्हणाला, मी तर कपाटापर्यंत पोचतच नाही. शेठनी सगळ्यांकडे करड्या नजरेने पाहिलं, गळा साफ केला आणि म्हणाले, "दिवाळी छे. साफसफाई करवी पडे के नहीं? खाली वायर लटके ते सारुं ना लागे. में लगावी दीधी. जग्या खाली हती."

पेढीत कुणी काही बोललं नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "बरोबर शे. जागा खालीच व्हती." मेहताजींनी त्या दिवसाच्या खर्चात ॲडॉप्टर, लोचो आणि रिक्षाभाडं मांडलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: वायरस.

शेठना एकट्यालाच दोष देण्यात अर्थ नाही. सिस्कोसारख्या कंपनीलाही 2013 साली जाहीर सूचना काढावी लागली होती. तिच्या काही स्विचांत पहिल्या पोर्टात रबरी टोपीची वायर लावली, की ती टोपी वरच्या बटणावर दाबून बसे आणि स्विच आपलं सगळं सेटिंग विसरून जाई. मोठमोठ्या अभियंत्यांनी आखलेल्या डब्याला जर नुसती वायर लावून झोपवता येतं, तर कापडाच्या व्यापाऱ्याने दिवाळीच्या साफसफाईत तेच केलं तर बिघडलं कुठे?

तेव्हा मंडळी, तुमच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात किंवा शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत असा काळा डबा असेल, तर आजच त्याची निळी केबल शोधा, तिचा गठ्ठा सोडा आणि ती डब्यालाच चिकटपट्टीने लावून टाका. ॲडॉप्टर आणून एकदा सुखाच्या दिवसात जोडून बघा. वेग डब्यावर खडूने लिहा. पासवर्ड तुमच्या मेहताजींना वहीत लिहू द्या, फक्त मोठ्या अक्षराखाली रेघ मारायला सांगा. आणि एखादी वायर नुसतीच लोंबकळताना दिसली, तर डोळ्यांना कितीही खुपली तरी, हात जोडून विनंती आहे, तिला लोंबकळू द्या.